अन्ननलिकेचा कॅन्सर: रिपोर्टातल्या आकड्यांवरून पुढचं कळतं का?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. मला तो नीट समजलाय का, हे तुम्हाला ताडून पाहता येईल. असाच रिपोर्ट हातात घेऊन बसलेलं दुसरं कुणी वाचत असेल, तर त्यांनाही संदर्भ लागेल.

तुमचे बाबा ६१ वर्षांचे. तरुणपणापासून तंबाखू-चुना, मधूनमधून विडी. चार महिन्यांपूर्वी भाकरीचा घास छातीत अडकायला लागला, मग भात अडकायला लागला, आता खिमटीवर आणि पेजेवर आलेत. वजन ६२ किलोवरून ५३ वर आलं. दुर्बिणीच्या तपासणीत दातांपासून २६ ते ३१ सेंटिमीटरवर गाठ दिसली, बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे नळीच्या अस्तरातल्या चपट्या पेशींचा कॅन्सर, निघाला. पेट-सीटीत गाठ नळीच्या सगळ्यात बाहेरच्या थरापर्यंत गेलेली, शेजारचे दोन लिम्फ नोड (प्रतिकारशक्तीच्या छोट्या ग्रंथी) संशयास्पद, यकृत आणि फुफ्फुसं स्वच्छ. म्हणजे टी३ (गाठ किती खोल गेली) एन१ (किती नोडमध्ये पोचली), तिसरी स्टेज. परळच्या डॉक्टरांनी आधी रेडिएशन आणि केमो एकत्र, मग ऑपरेशन, असं ठरवलंय. सोमवारी रेडिएशनच्या प्लॅनिंगचा सीटी आहे. तुम्ही साताऱ्याहून येऊन दादरच्या धर्मशाळेत राहिलाय आणि मधल्या दिवसांत एका खासगी लॅबमधून आणखी तपासण्या करून घेतल्यात: सीईए ६.१, एससीसी अँटिजेन १.९, केआय-६७ ६५ टक्के, पी५३ 'म्युटंट पॅटर्न', पीडी-एल१ सीपीएस ५. रात्री मोबाइलवर वाचत बसलात आणि प्रत्येक आकड्यापुढे 'वाईट' असंच सापडलं. तुम्ही विचारताय, यातल्या कुठल्या आकड्यावरून बाबांना किती दिवस आहेत ते कळेल? आणि लॅबवाले सुचवतायत ती लाखाच्या घरातली जनुकांची तपासणी करायची का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. गेली २२ वर्षं मुंबईत कॅन्सरच्या बायोप्सी आणि ऑपरेशनमध्ये काढलेले अवयव तपासते. बाबांवर उपचार करणारी डॉक्टर मी नाही, त्यांचा सीटी मी पाहिलेला नाही, आणि त्यांचं हृदय-फुफ्फुस ऑपरेशन पेलेल का, हे मला इथून सांगता येणार नाही. पण हे आकडे तयार कसे होतात ते मी रोज पाहते. तेवढ्या भागाबद्दल खात्रीनं बोलू शकते.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक, हा आजार पुढे कसा वागेल? दुसरा, या आजाराला कुठलं औषध लागू पडेल? शेतकऱ्याच्या घरातले आहात म्हणून असं सांगते: यंदा पाऊस कसा होईल हा एक अंदाज, आणि मातीचा नमुना पाहून कुठलं बियाणं पेरायचं हा वेगळा निर्णय. माती तपासून पावसाचा अंदाज येत नाही. मार्कर, म्हणजे रक्तात किंवा बायोप्सीत मोजायच्या या खुणा, यांचंही तसंच आहे. काही मार्कर औषध निवडण्यासाठी असतात, काही आजाराचा कल दाखवतात, आणि काही अभ्यासकांच्या कामाचे असले तरी घरी न्यायच्या रिपोर्टात त्यांचा उपयोग फारसा नसतो. तुमच्या रिपोर्टात तिन्ही प्रकार एकाच कागदावर, एकाच ठळक अक्षरांत छापून आलेत. तिथेच घोळ झालाय.

पी५३ पासून सुरू करते, कारण त्यानं तुमची झोप उडवलीय. पी५३ हे पेशीतल्या पहारेकऱ्याचं काम करणारं प्रथिन. जनुकांत बिघाड झाला की ते पेशीचं विभाजन थांबवतं, बिघाड दुरुस्त होण्यासारखा नसेल तर पेशीला मरायला लावतं. हा पहारेकरीच बिघडला की पेशी मोकाट वाढते. 'म्युटंट' शब्द वाचून छातीत धस्स होणं साहजिक आहे. पण अन्ननलिकेच्या स्क्वॅमस कॅन्सरमध्ये दहातल्या आठांहून जास्त पेशंटमध्ये हे जनुक बिघडलेलंच असतं. जी खूण जवळपास प्रत्येकात सापडते, तिच्यावरून कोण बरा होईल आणि कोण नाही हे वेगळं काढता येत नाही. ती गोष्ट एवढंच सांगते की हा कॅन्सर आहे, आणि ते आपल्याला बायोप्सीवरून आधीच माहीत होतं.

केआय-६७ म्हणजे शंभरातल्या किती पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत याची मोजणी. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तिचा आधार घेतात, म्हणून तिचं नाव सगळीकडे दिसतं. अन्ननलिकेत सर्वमान्य अशी सीमारेषाच नाही. शिवाय भराभर विभाजन होणाऱ्या पेशींवरच रेडिएशन आणि केमोचा मार जास्त बसतो, त्यामुळे मोठा आकडा नेहमी एकाच दिशेला बोट दाखवत नाही. तुमच्या ६५ टक्क्यांकडे पाहून कुठलाही डॉक्टर उपचार बदलणार नाही.

रक्तातल्या दोन मार्करबद्दल. सीईए तंबाखू ओढणाऱ्यांत मुळातच थोडं चढं असतं. म्हणूनच बऱ्याच लॅब धूम्रपान करणाऱ्यांसाठी वरची मर्यादा ५ च्या आसपास आणि न करणाऱ्यांसाठी त्याहून कमी देतात. विडी ओढणाऱ्या माणसात ६.१ हा आकडा मला काहीच नवं सांगत नाही. एससीसी अँटिजेन १९७७ साली जपानी संशोधकांनी गर्भाशयमुखाच्या स्क्वॅमस कॅन्सरमधून वेगळं काढलं. स्क्वॅमस पेशी आपल्या कातडीत आणि तोंडातही असतात, म्हणून इसब, सोरायसिस, किडनीचा आजार यांनीही ते वाढतं. नमुना हाताळताना त्यात लाळेचा किंवा घामाचा अंश पडला तरी आकडा फुगतो. १.५ ही नेहमीची मर्यादा धरली, तर १.९ म्हणजे अगदी उंबरठ्यावर. ज्यांचा आकडा सुरुवातीला खूप चढा असतो आणि उपचारांनी खाली येतो, त्यांच्यात पुढे लक्ष ठेवायला त्याची थोडी मदत होते. बाबांच्या बाबतीत तेही होणार नाही. या आजाराची स्टेज ठरवताना रक्तातला कुठलाही मार्कर धरत नाहीत. दर महिन्याला ते करून पैसे घालवू नका आणि ०.३ ने वाढलं म्हणून रात्र जागून काढू नका.

आता पीडी-एल१, म्हणजे कॅन्सरच्या पेशीला शरीराच्या प्रतिकारशक्तीपासून लपवणारं प्रथिन. इथे जरा थांबते, कारण ही तपासणी खरोखर कामाची आहे. फक्त ती कशाच्या कामाची, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

बाबांच्या अन्ननलिकेतून दुर्बिणीच्या चिमट्यानं सहा-आठ तुकडे काढले असतील. एकेक तुकडा बाजरीच्या दाण्याएवढा. ते फॉर्मालिनच्या बाटलीतून लॅबमध्ये येतात, मेणात बसवून त्यांचा ब्लॉक होतो. त्या ब्लॉकमधून चार मायक्रॉन जाडीचा काप काढायचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ, तो काचेवर घ्यायचा आणि रंगवायचा. ज्या पेशींवर पीडी-एल१ असतं त्यांच्या कडेनं तपकिरी रेघ उमटते. मग मी मायक्रोस्कोपखाली मोजत बसते: तपकिरी झालेल्या कॅन्सरच्या पेशी, अधिक तपकिरी झालेल्या लिम्फोसाइट, अधिक मॅक्रोफेज (या दोन्ही प्रतिकारशक्तीच्या पेशी). या बेरजेला कॅन्सरच्या एकूण जिवंत पेशींनी भागायचं आणि शंभरानं गुणायचं. तो सीपीएस. मोजायला कॅन्सरच्या निदान शंभर जिवंत पेशी काचेवर हव्यात.

ही मोजणी वाटते तितकी पक्की नसते. कॅन्सरच्या पेशी ओळखणं सोपं, पण त्यांच्यात घुसलेला तपकिरी ठिपका लिम्फोसाइट आहे की मॅक्रोफेज, की नुसती मेलेली पेशी, यावर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचं मत वेगळं पडू शकतं. तुकडा गाठीच्या कुठल्या कोपऱ्यातून घेतला यावरही आकडा हलतो. बाबांचा ५ उद्या दुसऱ्या तुकड्यावर ८ येऊ शकतो. मागे एक रिपोर्ट माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी आला होता, 'पीडी-एल१ निगेटिव्ह' असा. काच पाहिली तर त्यावर कॅन्सरच्या जेमतेम तीस-पस्तीस पेशी होत्या, बाकी सगळा स्राव आणि मृत भाग. आधीच्या लॅबनं 'नमुना अपुरा' लिहायला हवं होतं. त्याच पेशंटच्या दुसऱ्या ब्लॉकवर पुन्हा रंगवलं आणि सीपीएस २० आला. म्हणून तुमच्या रिपोर्टात नमुना पुरेसा होता असं लिहिलंय का, आणि रंगवायला कुठला अँटिबॉडी क्लोन (पीडी-एल१ला चिकटणाऱ्या प्रथिनाचा प्रकार) वापरला, हे पाहून ठेवा. क्लोनचं नाव २२सी३, २८-८ किंवा एसपी२६३ असं काहीतरी असेल.

पण मुख्य मुद्दा पुढे आहे. हा आकडा बाबांचं आयुष्य मोजत नाही. इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारं, औषध किती उपयोगी पडेल याचा तो अंदाज आहे, आणि त्याचा खरा वापर आजार लांब पसरला असेल किंवा ऑपरेशन शक्य नसेल तेव्हा होतो. २०२१ साली आलेल्या कीनोट-५९० या अभ्यासात केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे असं एक औषध दिलं. स्क्वॅमस प्रकार आणि सीपीएस १० किंवा त्याहून जास्त असलेल्या पेशंटमध्ये मध्यावरचं आयुर्मान, म्हणजे निम्मे पेशंट ज्याच्या पुढे जगतात तो काळ, ८.८ महिन्यांवरून १३.९ महिन्यांवर गेलं. पुढच्या वर्षीच्या चेकमेट ६४८ या अभ्यासात निव्होलुमॅब हे त्याच जातीचं औषध होतं, आणि तिथे सीपीएस न धरता फक्त कॅन्सरच्या पेशींवरचा टक्का मोजला होता. मोजपट्टीच वेगळी, त्यामुळे एका अभ्यासातला आकडा दुसऱ्याला लावू नका. हे सगळे पेशंट पसरलेल्या आजाराचे होते. तुम्ही रात्री आठ-नऊ महिन्यांचे आकडे वाचले असतील, तर ते बहुतेक इथूनच आले असणार. ते बाबांच्या स्टेजचे नाहीत.

बाबांच्या स्टेजमध्ये इम्युनोथेरपीचा प्रश्न ऑपरेशननंतर येऊ शकतो. काढलेल्या अन्ननलिकेत किंवा नोडमध्ये जिवंत कॅन्सर शिल्लक सापडला, तर निव्होलुमॅब द्यायचं का हा विचार होतो. चेकमेट ५७७ या अभ्यासात अशा पेशंटमध्ये आजार परत न येता गेलेला मध्यावरचा काळ ११ महिन्यांवरून २२.४ महिने झाला, आणि तिथे पेशंट निवडताना पीडी-एल१ची अट नव्हती. म्हणजे सीपीएस ५ आहे म्हणून बाबांचं कुठलंही दार आज बंद झालेलं नाही. औषध महाग आहे हे खरं. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी निव्होलुमॅबचा अगदी छोटा डोस केमोसोबत देऊन केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचा फायदा दिसला. पण तो तोंड-घशाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी होता. अन्ननलिकेला तो जसाच्या तसा लागू होत नाही, तरी वेळ आलीच तर डॉक्टरांना त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

तुम्ही 'हर-२ ही तपासणी का केली नाही?' असंही विचारलंय. अन्ननलिकेच्या कॅन्सरचे दोन मुख्य प्रकार. एक स्क्वॅमस, जो आपल्याकडे जास्त दिसतो. तंबाखू, मिश्री, सुपारी, दारू आणि तोंड पोळेल इतका गरम चहा यांच्याशी त्याचा संबंध लावतात. दुसरा अॅडेनोकार्सिनोमा, नळीच्या खालच्या टोकाशी, वर्षानुवर्षांच्या अॅसिडिटीतून आणि लठ्ठपणातून येणारा, पाश्चात्त्य देशांत जास्त. हर-२, क्लॉडिन १८.२ या औषध निवडायच्या खुणा प्रामुख्यानं दुसऱ्या प्रकारासाठी. २०१७ साली या गाठींचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं की स्क्वॅमस प्रकार तोंड-घशाच्या कॅन्सरला जवळचा आहे आणि अॅडेनोकार्सिनोमा जठराच्या कॅन्सरला. नळी एक, पण आजार दोन. इंटरनेटवर बरीचशी माहिती परदेशी, म्हणजे दुसऱ्या प्रकाराची. ती वाचून बाबांच्या रिपोर्टात काहीतरी राहिलंय असं वाटून घेऊ नका. उलट तोंड-घशाशी असलेल्या या नात्यामुळे बाबांचं तोंड आणि घसा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी एकदा नीट पाहिलाय ना, हे विचारा. तंबाखूनं पोळलेल्या अस्तरात कधी कधी दुसरी गाठही लपलेली असते.

इथवरचं थोडक्यात: पी५३ आणि केआय-६७ बाजूला ठेवा, रक्तातले मार्कर पुन्हा करू नका, पीडी-एल१चा रिपोर्ट जपून फाइलमध्ये लावा. त्याची गरज पडली तर पुढे पडेल.

मग पुढचं कशावरून कळतं? तुमच्या प्रश्नात एक आकडा तुम्ही जाता जाता लिहून गेलात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. ६२ वरून ५३. नऊ किलो, म्हणजे मूळ वजनाच्या साडेचौदा टक्के.

याचं महत्त्व एका अभ्यासावरून सांगते. आधी रेडिएशन-केमो आणि मग ऑपरेशन ही जी पद्धत बाबांना सांगितलीय, तिचा पाया २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या क्रॉस या अभ्यासानं घातला. २३ बैठकांमध्ये ४१.४ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) रेडिएशन, सोबत पाच आठवडे दर आठवड्याला कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमोची औषधं, मग ऑपरेशन. दहा वर्षांनी त्यांनी पुन्हा हिशेब केला, तेव्हा नुसतं ऑपरेशन झालेल्यांतले शंभरात २५ आणि आधी रेडिएशन-केमो घेतलेल्यांतले शंभरात ३८ हयात होते. तिसरी स्टेज म्हणजे सगळं संपलं, असं धर्मशाळेत कुणी म्हणत असेल तर हे आकडे लक्षात ठेवा. हा उपचार बरं करण्याच्या हेतूनंच देतात. पण शंभरातले बासष्ट दहा वर्षं टिकले नाहीत, हेही त्याच हिशेबात आहे आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही.

आता त्या अभ्यासात प्रवेश कुणाला होता ते पाहा. आपलं दहा टक्क्यांपेक्षा जास्त वजन गमावलेल्यांना घेतलंच नव्हतं. बाबांची गाठ त्या अभ्यासात बसली असती, बाबांचं वजन बसलं नसतं. याचा अर्थ उपचार लागू पडणार नाही असा नाही. आपल्याकडे असे पेशंट रोज येतात आणि उपचार पूर्ण करून घरीही जातात. पण अंगातलं मांस झडलेला माणूस रेडिएशनच्या चौथ्या आठवड्यात कोसळतो, बैठका चुकतात, केमो पुढे ढकलावी लागते, ऑपरेशननंतर जखम भरत नाही, खोकून कफ बाहेर काढायची ताकद राहत नाही आणि न्यूमोनिया होतो. पी५३ तुम्हाला बदलता येणार नाही. वजन मात्र या आठवड्यापासून सावरता येतं.

म्हणून सोमवारी रेडिएशनच्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना पोटात अन्न पोचवण्याच्या नळीबद्दल विचारा. नाकातून घालायची नळी हा सोपा मार्ग आहे. रेडिएशननं गिळणं सुरुवातीला आणखी दुखरं होतं, त्यामुळे घास पूर्ण बंद व्हायची वाट पाहू नये. काही ठिकाणी लहान आतड्यात नळी बसवतात. पोटावरून थेट जठरात नळी घालायचं कुणी सुचवलं तर आधी ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना विचारा, कारण अन्ननलिका काढल्यावर बहुतेकदा त्याच जठराची नवी नळी करून वर आणतात. तोवर पेज पाण्यासारखी देऊ नका. त्यात दूध पावडर, नाचणी सत्त्व, नीट वाटून गाळलेली डाळ, चालत असेल तर अंडं. तुपाचा हात मोकळा ठेवा. तंबाखू आणि विडी आजपासून बंद. हे मी तत्त्व म्हणून सांगत नाही. ऑपरेशनच्या वेळी फुफ्फुसाचा एवढा-तेवढा जोरही उपयोगी पडतो. श्वास ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं यंत्र मिळेल, ते दिवसातून अनेकदा करायला लावा, आणि धर्मशाळेचा जिना झेपेल तेवढा चढू-उतरू द्या.

पाणी पिताना प्रत्येक वेळी ठसका लागू लागला, आवाज बसला, ताप आला किंवा शौच डांबरासारखी काळी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. गाठ श्वासनलिकेच्या जवळच्या भागात आहे, म्हणून ठसक्याकडे विशेष लक्ष हवं.

वजनाच्या जोडीनं दुसरी मोठी खूण म्हणजे गाठ उपचाराला कसा जबाब देते. ती आज कुठल्याच रिपोर्टात असू शकत नाही. क्रॉसमध्ये ज्यांच्यात रेडिएशन-केमोनंतर ऑपरेशन झालं, त्यांतल्या स्क्वॅमस प्रकाराच्या जवळपास निम्म्या पेशंटमध्ये, म्हणजे ४९ टक्क्यांमध्ये, काढलेल्या नमुन्यात एकही जिवंत कॅन्सरची पेशी सापडली नाही. अॅडेनोकार्सिनोमात हे प्रमाण २३ टक्के होतं. फक्त स्क्वॅमस पेशंट घेऊन चीनमध्ये केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही ४३ टक्के आलं. बाबांचा प्रकार रेडिएशनला दाद देणारा आहे, ही या सगळ्यातली तुमच्या बाजूची गोष्ट.

तो जबाब दिसतो कसा, ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका बाईंची अन्ननलिका माझ्या टेबलावर आली. वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या. सुरुवातीच्या बायोप्सीवर केआय-६७ ऐंशीच्या घरात, पी५३ म्युटंट, वाचणाऱ्याला धडकी भरावी असा रिपोर्ट. नळी उभी चिरून उघडली तर गाठीच्या जागी फक्त एक फिकट, आक्रसलेला चट्टा होता, बोटाला कडक लागणारा. अशा वेळी आम्ही चट्ट्याचा एखादा तुकडा घेऊन थांबत नाही, सगळाच्या सगळा चट्टा कापून ब्लॉक करतो. पंचवीस ब्लॉक झाले. दोन दिवस मी ते इंच इंच पाहत होते. जिथे कॅन्सर होता तिथे केरॅटिनची (नखा-कातडीत असतं त्या प्रथिनाची) वाळलेली पापुद्र्यांसारखी चकंदळं उरली होती, त्यांच्याभोवती ती खाऊन टाकणाऱ्या मोठ्या बहुकेंद्री पेशी गोळा झाल्या होत्या, आणि बाकी सगळा व्रण. कॅन्सरची जिवंत पेशी एकही नाही. नोडही स्वच्छ. पाच वर्षांनी त्यांचा मुलगा दुसऱ्या कुणाचा ब्लॉक न्यायला आमच्या काउंटरवर आला, तेव्हा आई घरी स्वयंपाक करते म्हणून सांगून गेला. उलटही पाहिलंय. ज्याच्या बायोप्सीवर भीती वाटावी असं काही नव्हतं, त्याच्या नमुन्यात सात नोडमध्ये कॅन्सर सापडला आणि वर्षाच्या आत आजार यकृतात गेला. पहिल्या बायोप्सीवरच्या या रंगांवरून भाकीत करायचं मी त्यामुळे सोडून दिलं.

तेव्हा 'किती वेळ' हा प्रश्न डॉक्टरांना विचारायच्या दोन वेळा आहेत, आणि त्यातली एकही या आठवड्यात नाही. पहिली, रेडिएशन-केमो संपल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा पेट-सीटी होईल तेव्हा. दुसरी, ऑपरेशनच्या नमुन्याचा रिपोर्ट हातात येईल तेव्हा. त्या रिपोर्टात चार गोष्टी शोधा. जिवंत कॅन्सर किती उरला. कापलेल्या कडा, विशेषतः बाजूची कड, स्वच्छ आहेत का. किती नोड तपासले. त्यांतल्या किती नोडमध्ये कॅन्सर आहे: एकही नाही, एक-दोन, तीन ते सहा, की सात किंवा जास्त. या शेवटच्या मोजणीला आजवरच्या कुठल्याही रंगापेक्षा मी जास्त वजन देते. आजार परत येणार असेल तर तो बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो, म्हणून त्या काळातली एकही तपासणी चुकवू नका. ऑपरेशन कुठे करायचं हा पर्याय तुमच्या हातात असेल, तर जिथे अन्ननलिकेची ऑपरेशनं नेहमी होतात तिथेच करा. या ऑपरेशनमध्ये सर्जन, भूल देणारे आणि आयसीयूच्या नर्स यांच्या सरावाचा फरक पडतो.

जनुकांच्या मोठ्या तपासणीचं उत्तर आता सोपं आहे. स्क्वॅमस प्रकारात तिच्यातून टीपी५३, सीसीएनडी१, नॉच१ अशी नावं निघतील. त्यांतलं कुठलंही नाव बाबांचं रेडिएशन, केमो किंवा ऑपरेशन बदलणार नाही. पुढे आजार पसरला आणि नेहमीची औषधं थकली, तर तेव्हा तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना विचारा. रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या डीएनएवर चांगलं संशोधन चालू आहे, पण त्यावरून आज घरच्या पेशंटचा उपचार ठरवत नाहीत. तो पैसा नळीतून द्यायच्या आहारासाठी, प्रवासासाठी आणि ऑपरेशननंतरच्या आठवड्यांसाठी ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात सोमवारीच विचारून घ्या. हा आजार तुम्हा भावंडांनाही होईल का, या काळजीबद्दल: हा आजार सहसा वारशानं येत नाही. तळहात-तळपाय जाड होण्याचा एक दुर्मीळ घराण्यातला विकार सोडला, तर घरात पुढे जाते ती बहुधा तंबाखूची सवय.

बायोप्सीचा ब्लॉक सध्या त्या खासगी लॅबकडे असेल. तो परत मागून घ्या आणि पावतीवरचा ब्लॉक नंबर मूळ बायोप्सीच्या रिपोर्टातल्या नंबराशी जुळवून पाहा. रेडिएशननंतर गाठ आक्रसली की इतका चांगला नमुना पुन्हा मिळेलच असं नाही, आणि पुढे कधी पीडी-एल१ पुन्हा पाहायची वेळ आली तर हाच ब्लॉक लागेल. उन्हापासून, उकाड्यापासून लांब ठेवा, मेण वितळतं. किंवा सरळ रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात जमा करा आणि तशी नोंद फाइलवर करून घ्या.

सोमवारी निघायच्या आधी बाबांचं वजन करा, चप्पल काढून, आणि आकडा तारखेसह फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे दर सोमवारी त्याच काट्यावर. डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिला प्रश्न नळी कधी घालायची हाच विचारा.